म्युझियममध्ये गाणं, सिनेमा, ध्यान ठेवायचंय? आधी भिंतीवर काय आहे ते बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं आहे ना, की नाशिकमध्ये जुन्या वाड्यात तुमच्या ट्रस्टचं छोटं कलासंग्रहालय आहे, खाली चौक आणि ओसरी, वर तीन दालनं, दोन दालनांत मुख्यतः गोदाघाटाची जलरंगातली चित्रं, तिसऱ्यात जुने ओलिओग्राफ (म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापील चित्रं) आणि रागमालेच्या चित्रांच्या प्रती, आणि दिवसाला कसेबसे दहा-पंधरा लोक फिरकतात, त्यातले निम्मे पत्ता चुकलेले (हे तुम्हीच लिहिलंय, मी नाही). म्हणून महिन्यातून एक मैफल, एक सिनेमा आणि दर आठवड्याला ध्यान असं सुरू करायचं डोक्यात आहे. सुरुवात कशाने करायची हे विचारलंय, आणि दोन ट्रस्टी म्हणतायत की असलं काही केलं तर संग्रहालयाचं मंगल कार्यालय होईल.

मी संग्रहालयं, गॅलऱ्या, जुने वाडे असल्या जागांमध्ये कार्यक्रम बसवायचं काम बरीच वर्षं करतेय, मुंबईत सुरुवात केली आणि आता इथेच असते. तर आधी एक स्पष्ट सांगते, गर्दी हा तुमचा प्रॉब्लेम नाहीये. नाशिकची माणसं पाडव्याच्या पहाटे अंधारात उठून पिंपळपारावर गाणं ऐकायला जाऊन बसतात, मे महिन्याच्या उकाड्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला जातात. चांगलं गाणं ठेवलंत, चार व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंत की चौक भरेल. प्रॉब्लेम त्याच्या पुढचा आहे. लोक येतील, चित्रांकडे पाठ करून बसतील, टाळ्या वाजवतील, चहा पितील आणि घरी जातील, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या रजिस्टरमध्ये परत दहाच नावं. मग नुसतं गाणंच ऐकवायचं असेल तर कालिदास कलामंदिर आहे की, तिथे खुर्च्या, साउंड, पार्किंग सगळं तुमच्यापेक्षा बरं आहे. तुमच्याकडे असं काय आहे जे तिथे नाही? भिंतीवरची चित्रं. म्हणून कार्यक्रम ठरवताना सुरुवात कलाकारापासून करायची नाही, चित्रापासून करायची. एक चित्र निवडायचं आणि मग विचारायचं की हे नीट दिसायला गाण्याची मदत होईल, सिनेमाची होईल की वीस मिनिटं गप्प बसण्याची.

हे काही माझं डोकं नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा लंडनच्या नॅशनल गॅलरीने सगळी चित्रं वेल्सला हलवली, भिंती रिकाम्या. मायरा हेस नावाच्या पियानोवादक बाईंनी तिथे दुपारच्या मैफली सुरू केल्या, ऑक्टोबर १९३९ मध्ये. सोमवार ते शुक्रवार, जेवणाच्या सुट्टीत, तिकीट एक शिलिंग. १९४६ पर्यंत १,६९८ मैफली झाल्या, बाँबहल्ले चालू असतानासुद्धा. ही गोष्ट सगळे सांगतात. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या पुढचा भाग, की १९४२ पासून गॅलरीने वेल्सहून महिन्याला एकच चित्र परत आणून लावायला सुरुवात केली आणि ते एक चित्र बघायला लोक रांगा लावायला लागले. शेकडो चित्रं होती तेव्हा जे नीट बघितलं जात नव्हतं ते एकटं टांगल्यावर बघितलं गेलं. तुमच्यासारख्या छोट्या जागेला यातून फुकट आयडिया मिळते, ती पुढे येईलच.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कच्या रुबिन म्युझियमचं. २००४ साली सुरू झालेलं, हिमालयातल्या आणि आजूबाजूच्या प्रदेशातल्या कलेचं. तिथे तुम्ही म्हणताय ती तिन्ही प्रकरणं चालायची, गाणं-बजावणं, शुक्रवारी रात्री सिनेमा आणि दर आठवड्याला ध्यान. ध्यानाच्या बैठकीची सुरुवात संग्रहातल्या एका वस्तूपासून व्हायची, आधी त्या वस्तूबद्दल थोडं बोलणं आणि मग शिक्षक सगळ्यांना ध्यानात बसवायचे. सिनेमाच्या आधी पाहुणा येऊन प्रदर्शनाशी त्याचा काय संबंध ते सांगायचा. मैफली बऱ्याचदा माइकशिवाय. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी ती इमारत बंद केली, आता फिरती प्रदर्शनं वगैरे करतात, पण 'आधी वस्तू, मग कार्यक्रम' हा क्रम आपण खुशाल घ्यावा.

आता, काय जमेल हे जागेवर आहे. मी तुमचा वाडा बघितलेला नाही त्यामुळे पुढचं सगळं 'असं असेल तर असं' या हिशोबाने वाचा.

सगळ्यात आधी वरचा मजला. जुन्या वाड्याची पाटणी तुळयांवर असते आणि घरातली माणसं वावरणं वेगळं, चाळीस माणसं एका खोलीत दाटीने बसवणं वेगळं. तुळया वरून धडधाकट दिसतात आणि भिंतीत शिरतात तिथे वाळवीने पोखरलेल्या असतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, टोकं ठोकून बघू द्या, किती माणसं चालतील ते लेखी घ्या. तोपर्यंत वर पंधरापेक्षा जास्त माणसं नकोत. आणि लाकडी जमीन असली की कुणी ठेका धरला तरी भिंतीवरची फ्रेम हलते, तबला सोडा, नुसता पायाचा. त्यामुळे माझ्या हिशोबाने गाणं खाली चौकात, ध्यान वर दालनात, आणि सिनेमा ज्या खोलीला खिडक्या कमी तिथे, शक्यतो तळमजल्यावर.

मग गाण्याला चित्र कुठून येणार? तेच, लंडनसारखं एक चित्र खाली आणा. महिन्याला एक. ओसरीवर, ऊन-पाऊस लागणार नाही अशा जागी, भक्कम ईझलवर, काच असलेल्या फ्रेममध्ये, दोन माणसांनी दोन्ही हातांनी उचलून. जलरंगाला उजेड सोसत नाही, कागदावरच्या चित्रांसाठी संग्रहालयांत साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे पडणारा उजेड मोजायचं माप) ही मर्यादा धरतात, आणि नुकसान हे किती उजेड गुणिले किती तास असं साठत जातं, त्यामुळे तासभर थोडा जास्त उजेड पडला तर आकाश कोसळत नाही, पण कार्यक्रम झाला की चित्र लगेच वर गेलं पाहिजे, 'राहू दे उद्या नेऊ' नाही. लक्स मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो. फारच नाजूक चित्र असेल तर चांगली प्रत आणा आणि मूळ वर बघायला पाठवा, चार-चार जणांना.

गाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण तुमच्याकडे रागमालेच्या प्रती आहेत आणि याहून चांगली संधी कुणाला मिळत नाही. चित्रकारांनी रागांची चित्रं काढली, सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिणी मिळून छत्तीस, हा त्यातला एक ठरलेला हिशोब. त्यात तोडी रागिणी म्हणजे हातात वीणा घेतलेली बाई आणि ऐकायला आलेली हरणं. हे चित्र ओसरीवर ठेवा आणि सकाळी साडेनऊ-दहाला तोडी गायला लावा. गायिकेला आधी चित्र दाखवा, दोन दिवस आधी, कार्यक्रमाच्या दिवशी नाही. आणि तिला मोकळेपणाने सांगू द्या की चित्र काढलं तेव्हाची तोडी आणि आजची तोडी हे स्वर जसेच्या तसे एकच असतील असं धरून चालता येत नाही. लोकांना असं खरं सांगितलेलं आवडतं, उगाच 'बघा हा स्वर म्हणजे ते हरिण' असलं काही सांगायला लागलं की जाणकार उठतात आणि नवखे बुचकळ्यात पडतात.

अजून एक गोष्ट आहे जी कुणी लक्षात घेत नाही. मैफली असतात संध्याकाळी नाहीतर पहाटे. त्यामुळे यमन, पुरिया, बागेश्री आणि पहाटेचा भैरव-ललत हे लोकांनी भरपूर ऐकलेलं असतं, पण दुपारचे राग, म्हणजे वृंदावनी सारंग, शुद्ध सारंग, भीमपलास, पटदीप, मुलतानी, हे ज्या वेळचे त्या वेळी ऐकायला मिळणं मुश्किल. संग्रहालय उघडं कधी असतं? दिवसा! तुमची कामाची वेळ हीच या रागांची वेळ. शनिवारी दुपारी बाराला सारंग, साडेतीनला भीमपलास, केअरटेकरला जादा थांबायला लागत नाही, रात्री दहाच्या लाउडस्पीकरच्या नियमाची कटकट नाही, बायकांना घरी परतायची घाई नाही. मी जिथे जिथे दुपारची बैठक लावलीय तिथे निवृत्त मंडळी आणि कॉलेजची पोरं असा मजेशीर ऑडियन्स आलाय. ऑफिसवाले येत नाहीत, ते मान्य करायचं.

आवाजाचं म्हणाल तर चौकात जाऊन जोरात एक टाळी वाजवा आणि ऐका. आवाज लगेच विरला तर उत्तम, घुमत राहिला तर तबला आणि द्रुत लयीचं सगळं एकमेकांत मिसळून लापशी होणार, तिथे तंबोऱ्यावरचा आलाप, सारंगी, बासरी, धीम्या लयीतलं काम असंच ठेवा. दगडी फरशीवर जाजम-सतरंज्या अंथरल्या, मागे दोन जाड पडदे सोडले की बराच फरक पडतो. पन्नास माणसांना माइक लागत नाही, लागलाच तर एक, हळू. साउंडवाला आला की तो सबवूफर आणणारच, त्याला दारातूनच परत पाठवा, खालच्या पट्टीच्या आवाजाने काचेची कपाटं थरथरतात, भिंतीतले हुक सैल होतात आणि जुन्या चित्रावरचा सुटत आलेला रंग झडतो, आणि हे एका दिवसात दिसत नाही. शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मात्र ऐकू येणार, त्याला इलाज नाही.

कलाकाराला चित्राच्या शेजारी बसवा, समोर नाही. हे सांगावं लागतं कारण आपल्याकडे सवय अशी की मागे फ्लेक्स, त्यावर प्रायोजकांचे फोटो, आणि तो फ्लेक्स नेमका चित्रावर. फ्लेक्स नकोच. दीपप्रज्वलन करायचंच असेल तर समई रस्त्याकडच्या दरवाज्यात, चित्रापासून लांब. शाल-श्रीफळ आणि भाषणांमध्ये वीस मिनिटं जातात आणि तोडीची वेळ टळत जाते, सत्कार शेवटी चहाबरोबर करा. परवान्यांबाबत, पारंपरिक बंदिशी कुणाच्या मालकीच्या नसतात, पण अभंगात एक गोम आहे, तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, चाल मात्र अलीकडच्या संगीतकाराची असेल तर तिचा हक्क असतो. चाली बसवलेल्या, सिनेमातली गाणी असं गाणार असाल तर आयपीआरएस या गीत-संगीताचे हक्क बघणाऱ्या संस्थेकडे चौकशी करा, रेकॉर्ड वाजवणार असाल तर रेकॉर्डिंगचे हक्क बघणाऱ्या पीपीएलकडे.

सिनेमाकडे वळते. चित्रांच्या तब्येतीच्या दृष्टीने म्हणाल तर तिन्हीत सगळ्यात निरुपद्रवी सिनेमाच, खोलीत अंधार असतो! पण सगळ्यात जास्त वेळा फसतो तोही सिनेमाच, कारण लोकांना वाटतं की लॅपटॉप आणि प्रोजेक्टर आणला की झालं. घरी ज्याचं सबस्क्रिप्शन आहे ते घरापुरतंच असतं, ते चार लोकांत दाखवायचा हक्क त्यात येत नाही, तिकीट नसलं तरी. सेन्सॉरचं सर्टिफिकेट नसलेला सिनेमा जाहीर शोमध्ये दाखवता येत नाही, फुकट असला तरी. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे खूप जुने सिनेमे मोकळे झालेत, पण चांगली प्रत ज्याच्याकडे आहे त्याच्या अटी असतातच.

आणि नाशिकमध्ये बसून सुरुवात कुठल्या सिनेमापासून करायची हा प्रश्नच नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, १८७० सालचा जन्म, नाशिकमध्ये त्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनी, आणि १९४४ मध्ये गेले तेही नाशिकमध्येच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक आहे, सगळे जाऊन येतात, पण फाळक्यांचा सिनेमा प्रत्यक्ष पाहिलेला माणूस शोधून दाखवा. आता तुमच्या तिसऱ्या दालनात ओलिओग्राफ आहेत म्हणालात. फाळके जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, आणि सिनेमाकडे वळायच्या आधी रविवर्मा प्रेससाठी छपाईचं काम करत होते. म्हणजे भिंतीवरच्या त्या छापील देवदेवता आणि पडद्यावर पहिल्यांदा हललेले देव यांच्यामध्ये हाच माणूस उभा आहे. याच्याइतका सरळ कार्यक्रम मला सुचत नाही. आधी ओलिओग्राफसमोर दहा मिनिटं, कृष्ण कसा उभा केलाय, मागचा देखावा कसा रंगवलेल्या पडद्यासारखा आहे, आणि मग फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन'. त्यात कृष्ण झालीय त्यांची स्वतःची छोटी मुलगी मंदाकिनी, आणि सिनेमाच्या सुरुवातीला ती नुसती कॅमेऱ्याकडे बघून चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवते, राग, हसू, रडू, असं सगळं. कथा अजून सुरू व्हायचीय आणि बापाने मुलीची कसबं आधी मांडून ठेवलीयत. इथे प्रेक्षक हमखास सावरून बसतात. पाऊण तासाच्या आसपासचा ऐवज, शाळेच्या पोरांनाही चालतो. प्रतीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला लिहा, एनएफएआय म्हणतात ते, वेळ धरून चाला.

मूकपट दाखवताना स्पीड तपासा. त्या काळचे सिनेमे सेकंदाला साधारण १६ ते १८ फ्रेमच्या गतीने चालायचे, ते आजच्या २४ ने लावले की माणसं तुरुतुरु पळतात आणि लोक फाळक्यांना हसतात. आणि मूकपट मुका कधीच दाखवू नका, पेटी आणि तबला बसवा. म्हणजे बघा, गाणं आणि सिनेमा एकाच कार्यक्रमात झाले.

टेक्निकल बाजू पटकन सांगते. खोली खरंच अंधारी असेल तर आठ फुटी पडद्याला तीन-चार हजार लुमेनचा प्रोजेक्टर पुरतो. लोक खाली बसणार असतील तर पडद्याची खालची कड चार फुटांवर घ्या नाहीतर सबटायटल फक्त पहिल्या रांगेला दिसतं. यूपीएस हवाच. बाहेर जायचा रस्ता अंधारातही दिसला पाहिजे, जुन्या वाड्यांचे उंबरे भयंकर असतात.

आता ध्यान, जिथे सगळ्यात जास्त सांभाळायला लागतं. आपण राहतो कुठे ते आठवा, तासाभरावर इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यनेचं केंद्र, १९७६ पासून तिथे शिबिरं चालतात, आणि इकडे पांडवलेणी, जिथल्या विहारांत भिक्षूंच्या खोल्यांमधले दगडी ओटे अजून आहेत. नाशिकमध्ये ध्यानाला येणारा माणूस कोऱ्या पाटीने येत नाही. कुणी दहा दिवसांचं शिबिर करून आलेलं असतं, कुणी गुरूंचा अनुग्रह घेतलेलं, कुणाला डॉक्टरने बीपीसाठी सांगितलेलं. त्यामुळे पाटीवर 'विपश्यना' वगैरे लिहू नका, ती शिकवायची त्यांची स्वतःची शिस्त आहे, दहा दिवसांची, अधिकृत आचार्यांकडून. तुमच्याकडे जे होईल त्याला साधं 'चित्रासमोर शांत बसणं' म्हणा. कुठल्याही पंथाचं नको आणि आजार बरा होईल असली जाहिरात तर अजिबातच नको. ज्याला डोळे मिटून बसल्यावर घाबरल्यासारखं होतं त्याने उठून चौकात जावं, कुणी कारण विचारणार नाही, हे सुरुवातीलाच सांगा. मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारून या, हेही.

करायचं कसं? माझी पद्धत अशी. बारा ते पंधरा माणसं, एक चित्र, सकाळी साडेसात. निम्म्या खुर्च्या, कारण गुडघे. पहिली दहा मिनिटं उघड्या डोळ्यांनी नुसतं चित्र बघायचं, चित्रकाराचं नाव नाही, साल नाही, काही माहिती नाही. मग बसवणाऱ्याने दोन-तीन वाक्यं बोलायची, श्वासाकडे लक्ष न्यायचं आणि पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटून. मग डोळे उघडून परत तेच चित्र, पाच मिनिटं, आणि हवं त्याने एखादं वाक्य बोलायचं. या शेवटच्या पाच मिनिटांसाठी सगळा खटाटोप आहे. घाटाच्या एका चित्रासमोर अशीच बैठक होती, पायऱ्यांवर लख्ख ऊन पडलेलं, आणि डोळे उघडल्यावर एक काका म्हणाले, अहो ते ऊन रंगवलेलंच नाहीये, तो कागद आहे. बरोबर होतं. जलरंगात पांढरं म्हणजे बहुतेक वेळा न रंगवलेला कागद असतो, चित्रकार तेवढी जागा वाचवत वाचवत भोवतीने रंग लावतो. हे मी गाइड म्हणून सांगितलं असतं तर सगळ्यांनी मान डोलावली असती आणि पुढच्या चित्राकडे सरकले असते. काकांनी स्वतः बघितलं, मग बाकीचे उठून पुढे गेले आणि नाक काचेला लावून पायऱ्या बघायला लागले (दोरी लावा, त्यासाठीच सांगतेय, निदान दोन-अडीच फुटांवर).

बसवणारा माणूस निवडताना प्रवचनकार टाळा. ज्याला गप्प बसता येतं तो हवा, आणि ज्याला चित्रंही थोडीफार आवडतात. उदबत्ती, धूप, कापूर, पणती काही नाही, धुराची काजळी काचेवर आणि मागून फ्रेमच्या फटीतून कागदावर बसते. कुणीतरी आणेलच, प्रेमाने आणेल, दारातच घ्या आणि चौकातल्या तुळशीपाशी लावा. संग्रहात जुनी मूर्ती असेल तर लोक हात जोडतील, जोडू द्या, पण हळदकुंकू आणि हार नाही, हे केअरटेकरला आधीच नीट समजावून ठेवा कारण ऐनवेळी एखाद्या आजींना नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं.

माणसं कमी ठेवा असं मी पुन्हा पुन्हा का म्हणतेय? माणूस नुसता बसला तरी तासाला साधारण ४०-५० ग्रॅम पाणी श्वास आणि घामातून हवेत सोडतो. चाळीस माणसं दीड तास बंद दालनात म्हणजे अडीच-तीन लिटर पाणी, ते जाणार कुठे, कागदात. नाशिकचा हिवाळा-उन्हाळा कोरडा त्यामुळे तेव्हा चालून जातं, पण जुलै ते सप्टेंबर हवा आधीच ओली असते, आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. पावसाळ्यात वरची बैठक आठ-दहा माणसांची करा, नाहीतर सरळ ओसरीवर आणा. प्रत्येक दालनात एक हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) आणि शेजारी वही, केअरटेकरने कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर आकडा लिहायचा. खाणंपिणं वर नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही, चिवड्याच्या चुऱ्यावर झुरळं आणि उंदीर येतात आणि चिवडा संपला की त्यांना कागद आणि खळ आवडते. सकाळच्या ध्यानानंतर नाशिककर मिसळ खायला जाणारच, त्यांना जाऊ द्या, तुम्ही सोय करू नका.

इथपर्यंतचं जुळवायचं तर एक चित्र, एक जागा, कमी माणसं, आणि चित्राला त्रास होईल ते दाराबाहेर.

सुरुवात ध्यानापासून करा. खर्च जवळपास नाही, माणसं कमी म्हणून वाड्याची परीक्षा हळूहळू होते, आणि तुमच्या स्टाफला कार्यक्रमाच्या आधी-नंतर काय काय बघायचं याची सवय लागते. तीन-चार महिने ते नीट चाललं की दुपारची एक बैठक. सिनेमा सगळ्यात शेवटी, कारण त्याची कागदपत्रंच वेळ खातात, अर्ज मात्र आजच करून ठेवा. महिन्याला तिन्ही एकदम सुरू केलंत तर दिवाळीपर्यंत तुमचा एकमेव केअरटेकर नोकरी सोडेल. आणि सिंहस्थ तोंडावर आहे, वाडा पंचवटीच्या बाजूला असेल तर पर्वणीच्या आगेमागे काहीही ठेवू नका, कलाकाराची गाडीच पोचणार नाही.

तुमच्या त्या दोन ट्रस्टींना वाईट ठरवू नका. त्यांची भीती खरी आहे, मी बघितलंय, एकदा चौक भाड्याने द्यायची चटक लागली की डोहाळजेवणंसुद्धा होतात. त्यांनाच नियम लिहायला सांगा, किती माणसं, कुठला आवाज, काय आणायचं नाही, कोण नाही म्हणणार. नियम त्यांनी लिहिले की ते स्वतःच कार्यक्रमाचे रखवालदार होतात. शेजाऱ्यांनाही आधी जाऊन भेटा. निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, शाळा, दवाखाना, कोर्ट शंभर मीटरच्या आत असेल तर त्याहून कडक, पण मीटर काढायची वेळच येऊ नये, त्यांना पहिल्या रांगेत बसवा.

पैशांचं विचारलंय. ध्यान मोफत, बाहेर पेटी ठेवा. गाणं आणि सिनेमाला थोडं का होईना तिकीट ठेवा, कारण फुकट नोंदणीत निम्मे लोक नाव घालतात आणि येत नाहीत, आणि जागा कमी असताना ते परवडत नाही. कलाकाराचं मानधन आधी ठरवा आणि त्याच दिवशी द्या, 'ट्रस्ट आहे, समजून घ्या' हे कलाकार आयुष्यभर ऐकत आलेले असतात. आणि तिकिटाच्या मागे छापा की याच तिकिटावर पुढच्या महिनाभरात एकदा संग्रहालय मोफत बघता येईल. परत आलेली तिकिटं दारात जमा करून घ्या. हॉल भरला का हे मोजण्यापेक्षा ती तिकिटं मोजा, कार्यक्रम चित्रांच्या कामी येतोय की नाही ते त्यातून कळतं. दोन-तीन कार्यक्रम झाले आणि एकही तिकीट परत आलं नाही तर कलाकार बदलू नका, चित्र आणि कार्यक्रम यांची जोडी बदलून बघा.

इंजिनिअर येऊन गेला की तो काय म्हणाला ते इथेच लिहा, आणि चौकाची लांबी-रुंदी आणि टाळीचा आवाज किती वेळ घुमतो तेही, मग पहिली बैठक कुठल्या बाजूला लावायची ते सांगते.